लंडनच्या कौन्सिल इस्टेटचा पुनर्विकास: भाडेकरू आणि फ्लॅटमालकांनी पायरीपायरीने काय करावं

‘इस्टेट रिजनरेशन’ (वसाहतीचा पुनर्विकास) असं लिहिलेलं कौन्सिलचं, म्हणजे स्थानिक पालिकेचं, पत्र आलं की मराठी घरांत पहिला प्रश्न येतो, ‘मग आता किती मोठं घर मिळणार?’ मुंबईत वाढलेल्या माणसाला हा प्रश्न पडणं अगदी साहजिक आहे. वरळीच्या बीडीडी चाळीत १६० चौरस फुटांत संसार केलेल्यांना ५०० चौरस फुटांचा फ्लॅट मोफत आणि मालकी हक्काने मिळतो. सोसायटीच्या पुनर्विकासात जादा कार्पेट, कॉर्पस, ट्रान्झिटचं भाडं यांवर सभासद बिल्डरशी घासाघीस करतात. इंग्लंडमध्ये हे गणितच वेगळं आहे. इथे जमीन कौन्सिलची, बिल्डरशी करार कौन्सिलचा, आणि रहिवाशांची सोसायटी म्हणून जमिनीत काही मालकी नाही. त्यामुळे इमारत पडून नवी उभी राहते तेव्हा तुमच्या पदरात काय पडेल, हे तुमच्या हातात कुठला कागद आहे त्यावर ठरतं. एकाच जिन्यावरच्या तीन शेजाऱ्यांना तीन वेगवेगळ्या गोष्टी मिळतात. एकाला नव्या घराचा हक्क, दुसऱ्याला बाजारभाव, तिसऱ्याला काहीच नाही.

हा लेख इंग्लंडपुरता, त्यातही मुख्यतः लंडनचा आहे. स्कॉटलंड आणि वेल्सचे नियम निराळे आहेत.

पहिली पायरी: आपला कागद ओळखा

आज संध्याकाळीच कपाटातली फाइल काढा आणि घराचं कागदपत्र वाचा.

कौन्सिलला थेट भाडं भरत असाल तर बहुधा तुम्ही सिक्युअर टेनंट आहात. १९८५ च्या हाउसिंग अॅक्टखाली हा सर्वांत भक्कम भाडेकरू. भाडं हाउसिंग असोसिएशनला (परवडणारी घरं भाड्याने देणाऱ्या ना-नफा संस्थेला) जात असेल तर तुम्ही अॅशुअर्ड टेनंट असण्याची शक्यता जास्त. बेघर म्हणून अर्ज केल्यावर कौन्सिलने याच इस्टेटमध्ये तात्पुरतं ठेवलं असेल तर तुमची टेनन्सी नॉन-सिक्युअर असते, आणि कौन्सिल नवं घर देण्याला तितकं बांधील नसतं. पाडायच्या इमारती रिकाम्या होऊ लागल्या की त्यांत अशी तात्पुरती कुटुंबं ठेवली जातात, म्हणून हा फरक पत्रावर नीट पाहून घ्या.

फ्लॅट विकत घेतलेला असेल तर तुम्ही लीजहोल्डर, म्हणजे ठरावीक वर्षांच्या पट्ट्यावरचे मालक. १९८० च्या कायद्याने भाडेकरूंना राइट टू बायखाली आपलं घर सवलतीत विकत घेता आलं. असे फ्लॅट साधारण १२५ वर्षांच्या लीजवर गेले आणि पुढे बाजारात विकले गेले. मराठी आयटीवाल्यांनी, नर्सताईंनी लंडनमध्ये पहिलं घर म्हणून घेतलेले कित्येक फ्लॅट हेच. आणि अशाच लीजहोल्डरकडून भाड्याने फ्लॅट घेतला असेल तर तुम्ही खासगी भाडेकरू. स्किल्ड वर्कर व्हिसावर आलेल्यांना ‘नो रिकोर्स टू पब्लिक फंड्स’ची (सरकारी मदत न घेण्याची) अट असते, कौन्सिलचं घर त्यात मोडतं, त्यामुळे नवीन आलेली आपली बहुतेक मंडळी या शेवटच्या गटात असतात.

दुसरी पायरी: योजना कुठवर आली आहे ते शोधा

‘रिजनरेशन’ या एका शब्दात तीन निरनिराळ्या गोष्टी येतात. इमारती ठेवून फक्त दुरुस्ती करणं, मधल्या गॅरेजच्या किंवा मोकळ्या जागेत नव्या इमारती घुसवणं, आणि सगळं पाडून पुन्हा बांधणं. पहिल्या प्रकारात लीजहोल्डरला मोठं बिल येतं, तिसऱ्यात घर जातं. पत्रात गोड चित्रं असली तरी यातला कुठला प्रकार आहे हे स्पष्ट लिहिलेलं नसेल, तर ईमेलने विचारा आणि उत्तर जपून ठेवा.

खरी माहिती असते कौन्सिलच्या कॅबिनेटसमोर (निर्णय घेणाऱ्या कौन्सिलरांच्या समितीसमोर) जाणाऱ्या अहवालात. तो कौन्सिलच्या वेबसाइटवर सर्वांना वाचता येतो. ‘ऑप्शन्स अप्रेझल’ म्हणजे पर्याय तपासले जात आहेत, ‘मास्टरप्लॅन’ म्हणजे पर्याय जवळपास ठरला आहे, आणि ‘इनिशियल डिमॉलिशन नोटीस’ हातात पडली म्हणजे पाडकामाचा इरादा पक्का आहे. ही नोटीस लागू असेपर्यंत कौन्सिलला राइट टू बायची विक्री पूर्ण करण्याचं बंधन राहत नाही.

या कामांना किती काळ लागतो याची कल्पना असू द्या. साउथवर्कमधल्या एल्सबरी इस्टेटमध्ये सुमारे २,७०० घरं होती. पंतप्रधान झाल्यावर टोनी ब्लेअर यांनी जून १९९७ मध्ये तिथेच भाषण केलं. २००१ मध्ये इस्टेट हाउसिंग असोसिएशनकडे सोपवायला ७३ टक्के मतदारांनी नकार दिला. नंतर कौन्सिलने पाडकामाचा मार्ग घेतला, आणि तिथलं काम आजही संपलेलं नाही. मुलं पहिलीत असताना आलेलं पत्र ती कॉलेजात गेली तरी अर्धवटच असू शकतं. म्हणून ‘आता सगळं पडणारच आहे’ म्हणून घाईने घर सोडू नका.

तिसरी पायरी: सल्लामसलत आणि मतदान

कम्युनिटी हॉलमध्ये प्रदर्शन लागतं. फोमच्या बोर्डांवर झाडं, सायकली, हसरी मुलं. हातात रंगीत ठिपके देतात आणि आवडलेल्या चित्रावर चिकटवायला सांगतात. बाल्कनी आवडते का, खेळाचं मैदान हवं का, असं विचारतात. ठिपके जरूर चिकटवा, पण टेबलाशी उभ्या असलेल्या अधिकाऱ्याला तीन गोष्टी विचारल्याशिवाय बाहेर पडू नका. आज इथे सोशल रेंटची (बाजारभावापेक्षा बऱ्याच कमी भाड्याची) घरं किती आहेत आणि नंतर किती असतील? मी याच इस्टेटमध्ये परत येईन हे कुठल्या कागदावर लिहिलं आहे? माझं नवं भाडं आणि सर्व्हिस चार्ज किती? उत्तर देणाऱ्याचं नाव आणि तारीख लिहून घ्या. घरी आल्यावर तेच प्रश्न ईमेलने पाठवा.

तुम्ही दिलेला वेळ वाया जात नाही, कारण सल्लामसलत नीट झाली नाही तर न्यायालय निर्णय रद्द करू शकतं. लॅम्बेथमधल्या क्रेसिंगहॅम गार्डन्सबाबत कौन्सिलने सल्लामसलत चालू असताना मध्येच काही पर्याय काढून टाकले. रहिवासी हायकोर्टात गेले आणि २०१५ मध्ये तो निर्णय बेकायदा ठरला. कौन्सिलने पुढे नव्याने प्रक्रिया केली हे खरं, पण रहिवाशांना वेळ आणि वजन दोन्ही मिळालं. सिक्युअर टेनंटशी सल्लामसलत करणं १९८५ च्या कायद्याच्या १०५ व्या कलमाने बंधनकारक आहे.

लंडनमध्ये जुलै २०१८ पासून आणखी एक हत्यार आहे. महापौरांकडून निधी हवा असेल, सोशल घरं पाडायची असतील आणि १५० किंवा जास्त नवी घरं बांधायची असतील, तर रहिवाशांचं मतदान घ्यावं लागतं. काही अपवाद आहेत, पण नियम तोच. मत १६ वर्षांपासून देता येतं. टेनन्सीवर ज्यांचं नाव आहे ते सोशल भाडेकरू मत देतात. लीजहोल्डर तिथे किमान एक वर्ष स्वतः राहत असेल तर त्यालाही मत आहे. आणि हे फार कमी लोकांना ठाऊक असतं: खासगी भाडेकरू किंवा तात्पुरत्या घरातला माणूसही, कौन्सिलच्या हाउसिंग रजिस्टरवर (घरासाठीच्या प्रतीक्षायादीवर) किमान एक वर्ष असेल तर मत देऊ शकतो. पात्र असाल तर रजिस्टरवर नाव आजच घाला. नवरा-बायकोपैकी एकाचंच नाव टेनन्सीवर असेल तर दुसऱ्याचं मत जातं, तेही तपासा.

मतदानाआधी ‘लँडलॉर्ड ऑफर’ नावाची पुस्तिका येते. जपून ठेवायचा सर्वांत महत्त्वाचा कागद हाच. घरांची संख्या, परतीचा हक्क, लीजहोल्डरला काय मिळणार, हे सगळं तिच्यात असायला हवं. चकचकीत पानं सोडा आणि ‘असा प्रयत्न करू’, ‘शक्य असल्यास’ या शब्दांखाली पेनाने रेघ मारा. रेघा जिथे जास्त, तिथे वचन नाही. लंडनचं महाराष्ट्र मंडळ ज्या ब्रेंट बरोमध्ये (पालिका विभागात) आहे, तिथल्याच साउथ किलबर्नमध्ये २०१९ च्या मतदानात ८४ टक्के लोकांनी होकार दिला. होकार देण्यात काही गैर नाही, फक्त तो वाचून द्यावा.

जाता जाता एक सांगतो. इथे कायदेशीर राहणाऱ्या भारतीय नागरिकांना कॉमनवेल्थ नागरिक म्हणून कौन्सिलच्या निवडणुकीत मत देता येतं. ब्रिटिश पासपोर्टची वाट पाहू नका. इस्टेटबद्दलचा निर्णय ज्या कौन्सिलरच्या हातात आहे, तो तुमच्या मतावर निवडून येतो.

चौथी पायरी: कौन्सिलचे भाडेकरू असाल तर

पाडकामासाठी सिक्युअर टेनंटला बाहेर काढायचं तर कौन्सिलला न्यायालयात जावं लागतं आणि योग्य पर्यायी घर उपलब्ध आहे हे सिद्ध करावं लागतं. म्हणजे ‘अमुक तारखेपर्यंत निघा’ असं पत्र आलं तरी तेवढ्यावर कोणी तुम्हाला रस्त्यावर काढू शकत नाही.

आधी घरी येऊन कुटुंबाची गरज नोंदवतात. या भेटीला घरातल्या सगळ्यांनी हजर राहा. आजीला जिना चढवत नाही, मुलाला दमा आहे, मोठी मुलगी कमावती आहे आणि वेगळं घर हवं आहे, हे सगळं त्या फॉर्मवर यायला हवं. कारण नवं घर आत्ताच्या खोल्यांइतकं मिळेल की नियमात बसेल तितकंच, हे यावरून ठरतं. पुढे तुम्हाला वरची प्राधान्य पट्टी मिळते आणि रिकाम्या घरांवर बोली (पैशांची नव्हे, पसंतीची) लावता येते, किंवा थेट घर सुचवलं जातं.

दोन फरकांवर लक्ष ठेवा. एक, नवी इमारत हाउसिंग असोसिएशनची असेल तर तुमची सिक्युअर टेनन्सी जाऊन अॅशुअर्ड येते आणि राइट टू बाय बहुधा जातो. दुसरा, ‘अफोर्डेबल रेंट’ या गोड नावाखाली भाडं बाजारभावाच्या ८० टक्क्यांपर्यंत असू शकतं. तुम्हाला हवं ते ‘सोशल रेंट’. हे दोन शब्द लेखी पाहिल्याशिवाय सही करू नका. नव्या इमारतीत सहसा गॅसचा बॉयलर नसतो, सामाईक हीट नेटवर्क (सगळ्या घरांना एकाच ठिकाणाहून गरम पाणी आणि हीटिंग) असतं, आणि तिथे कंपनी बदलता येत नाही. महिन्याचं अंदाजे बिल आधी मागा.

पाचवी पायरी: फ्लॅट तुमच्या मालकीचा असेल तर

सगळ्यात जास्त पैसा इथे पणाला लागतो, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

कौन्सिल आधी गोडीने विकत घ्यायला येतं. त्यांचा सर्व्हेअर लेझरने खोल्या मोजतो, किचनचे फोटो काढतो आणि वीस-पंचवीस मिनिटांत जातो. काही आठवड्यांनी एक आकडा येतो. तो आकडा म्हणजे बोलणीची सुरुवात आहे. तुम्ही स्वतःचा आरआयसीएस (सर्व्हेअरांची व्यावसायिक संस्था) सर्व्हेअर नेमा, शक्यतो कंपल्सरी पर्चेसचा, म्हणजे सक्तीच्या खरेदीचा, अनुभव असलेला. त्याची आणि सॉलिसिटरची वाजवी फी कौन्सिल देतं. नेमण्याआधी ते लेखी घ्या.

मूल्यांकनाचा पाया हा की रिजनरेशनची योजना नव्हतीच असं धरून बाजारभाव काढायचा. शेजारचे फ्लॅट पत्रे ठोकून बंद केले, लिफ्ट आठवडाभर बंद, कोणी खरेदीदार फिरकत नाही, त्यामुळे भाव पडला, तर ती घट तुमच्या माथी मारता येत नाही. म्हणून जवळच्या, योजना नसलेल्या इस्टेटमधले तशाच फ्लॅटचे विक्रीभाव लँड रजिस्ट्रीवरून काढून सर्व्हेअरला द्या. नवं किचन, बदललेल्या खिडक्या, लीज वाढवली असेल तर त्याचे कागद, सगळं पुढे ठेवा.

बाजारभावावर होम लॉस पेमेंट, म्हणजे घर सोडावं लागल्याची वेगळी भरपाई, मिळतं. मालकाला किमतीच्या १० टक्के, ऑक्टोबर २०२३ च्या दराप्रमाणे जास्तीत जास्त ८१,००० पौंड. ही रक्कम वेळोवेळी बदलते. अट अशी की घर सोडण्याआधीचं किमान एक वर्ष ते तुमचं मुख्य घर असायला हवं. फ्लॅट भाड्याने देऊन मिल्टन कीन्सला राहायला गेला असाल तर हे १० टक्के मिळत नाहीत, त्याऐवजी बेसिक लॉस पेमेंट नावाची कमी रक्कम असते. आणि एक बारीक पण महागात पडणारी गोष्ट: सक्तीच्या खरेदीत १० टक्के हा हक्क आहे, राजीखुशीच्या विक्रीत कायद्याने तो कौन्सिलच्या मर्जीवर असतो. बहुतेक कौन्सिलं देतात. तरी ऑफरच्या पत्रात तो आकडा वेगळा लिहिलेला असू द्या. याशिवाय सामान हलवणं, वकील, गहाणखताचा खर्च, नव्या घराची स्टँप ड्यूटी असे खर्च डिस्टर्बन्सखाली (हलवण्यामुळे झालेल्या खर्चाची भरपाई) मागता येतात. प्रत्येक पावती ठेवा.

आता नव्या फ्लॅटचं गणित. समजा तुमच्या फ्लॅटची किंमत ३,५०,००० पौंड ठरली. १० टक्के धरून ३,८५,०००. त्याच इस्टेटमधला नवा दोन बेडरूमचा फ्लॅट ५,५०,००० ला आहे. मधली फट १,६५,००० पौंडांची, आणि पगारदार माणसाला ती भरणं अवघड. म्हणून शेअर्ड इक्विटी देतात. तुम्ही ३,८५,००० घालायचे, म्हणजे ७० टक्के तुमचे. उरलेले ३० टक्के कौन्सिल किंवा बिल्डरच्या नावावर, त्यावर भाडं नाही, विकताना त्यांचा वाटा त्यांना. ऐकायला बरं वाटतं. पण जुन्या फ्लॅटवर २,००,००० पौंडांचं कर्ज बाकी असेल तर ते आधी फेडलं जातं, हाती उरतात १,८५,०००, आणि नव्या फ्लॅटसाठी पुन्हा २,००,००० चं कर्ज काढावं लागतं. शेअर्ड इक्विटीवर सगळ्या बँका कर्ज देत नाहीत. तुमचं वय साठीकडे झुकलेलं असेल किंवा व्हिसाची थोडीच वर्षं उरली असतील, तर आणखी अडचण. म्हणून ऑफर मान्य करण्याआधी मॉर्गेज ब्रोकरला भेटा, आणि वाट्याची अट शिथिल होते का हे कौन्सिलला विचारा. विचारणाऱ्याला मिळतं. तसंच आपल्या पश्चात जोडीदाराला किंवा मुलांना तो फ्लॅट त्याच अटींवर मिळेल का, हेही लेखी घ्या.

फ्लॅट अजून घेतला नसेल, फक्त स्वस्त दिसला म्हणून बघत असाल, तर सॉलिसिटरच्या लोकल सर्चवर (कौन्सिलकडच्या नोंदींच्या तपासणीवर) विसंबू नका. सुरुवातीच्या टप्प्यातली योजना त्यात दिसत नाही. कौन्सिलच्या वेबसाइटवर इस्टेटचं नाव टाकून कॅबिनेटचे अहवाल आणि लोकल प्लॅन स्वतः वाचा, आणि शनिवारी दुपारी इस्टेटमध्ये एक चक्कर मारून दोन शेजाऱ्यांशी बोला.

सहावी पायरी: कंपल्सरी पर्चेस ऑर्डर आली तर

बोलणी फिसकटली की कौन्सिल सीपीओ, म्हणजे सक्तीच्या खरेदीची ही ऑर्डर, काढतं. घाबरू नका, मुदत मात्र चुकवू नका. नोटीस आल्यापासून आक्षेप नोंदवायला किमान २१ दिवस असतात. आक्षेप आला आणि मागे घेतला नाही तर साधारणपणे इन्स्पेक्टरपुढे सार्वजनिक चौकशी होते.

आक्षेप घेऊन काय होतं, याचं उत्तर पुन्हा एल्सबरीत आहे. सप्टेंबर २०१६ मध्ये मंत्री साजिद जाविद यांनी तिथल्या पहिल्या टप्प्याच्या सीपीओला मान्यता नाकारली. लीजहोल्डरांच्या घराच्या हक्कावर आणि अल्पसंख्याक समाजांवर होणारा परिणाम हे त्यामागचं एक मोठं कारण होतं. तो निर्णय पुढे टिकला नाही, आणि दुसऱ्या चौकशीनंतर २०१८ मध्ये सीपीओ मंजूर झाली. घरं वाचली नाहीत, पण मूठभर लीजहोल्डरांनी सगळी प्रक्रिया दोन वर्षं रोखून धरली, आणि चौकशीत आपल्या ऑफरचा बचाव करावा लागेल हे तेव्हापासून प्रत्येक कौन्सिलला कळलं. भरपाईच्या आकड्यावर एकमत झालं नाही तर अपर ट्रायब्युनल या न्यायाधिकरणाकडे जाता येतं. घर सोडलं तरी आकड्याचा वाद पुढे चालू ठेवता येतो.

सातवी पायरी: खासगी भाडेकरू असाल तर

तुमच्याबाबत कायदा कंजूष आहे. तुमचा मालक कौन्सिलला फ्लॅट विकण्याआधी तुमची टेनन्सी संपवतो, आणि तुमच्या हाती सहसा काही येत नाही. त्यामुळे पहिल्या पत्राच्या वेळीच मालकाला विचारा. नोटीस कायद्याप्रमाणे आहे का ते सिटिझन्स अॅडव्हाइस किंवा शेल्टर या सल्ला देणाऱ्या संस्थांकडून मोफत तपासून घ्या. डिपॉझिट सरकारमान्य योजनेत जमा आहे का ते आजच पाहा. मुलांची शाळा बदलू नये असं वाटत असेल तर नवं घर शोधायला आधीच लागा.

मधली वर्षं, आणि पैसे मिळवताना

‘आता पडणारच आहे’ म्हणून दुरुस्ती टाळणं बेकायदा आहे. ओल, बुरशी, बंद हीटिंग यांची जबाबदारी इमारत उभी असेपर्यंत कौन्सिलचीच. ऑक्टोबर २०२५ पासून लागू झालेल्या अवाब्ज लॉप्रमाणे सोशल घरमालकाला तातडीच्या धोक्यावर २४ तासांत कृती करावी लागते, आणि गंभीर ओल-बुरशीची तपासणी १० कामकाजी दिवसांत. तक्रार क्रमांक घ्या, फोटो काढा, दाद लागली नाही तर हाउसिंग ओम्बड्समनकडे (घरांच्या तक्रारींच्या स्वतंत्र लवादाकडे) जा. लीजहोल्डरला याच काळात मोठ्या दुरुस्तीचं बिल आलं, तर लवकरच पडणाऱ्या इमारतीवर हा खर्च वाजवी कसा, हे लेखी विचारा. लीजहोल्ड अॅडव्हायझरी सर्व्हिस यावर मोफत सल्ला देते. अनेक इस्टेटींत रहिवाशांसाठी स्वतंत्र सल्लागारही असतो. त्याचे पैसे कौन्सिल देतं, पण त्याला निवडण्यात रहिवाशांचा हात असायला हवा, तशी मागणी करा.

भाडेकरूचं होम लॉस पेमेंट ठरावीक रकमेचं असतं, ऑक्टोबर २०२३ च्या दराने ८,१०० पौंड. इथेही एक वर्ष राहण्याची अट आहे. टेनन्सी दोघांच्या नावावर असेल तर ही रक्कम दोघांत वाटली जाते, आणि थकलेलं भाडं असेल तर कौन्सिल ते यातून वळतं करतं. दुरुस्तीपुरतं हलवून त्याच घरात परत आणलं तर हे पैसे मिळत नाहीत, सामान हलवण्याचा, वॉशिंग मशीन जोडण्याचा, पडदे-कार्पेटचा खर्च मात्र मागता येतो. अर्ज तुम्हाला लेखी करावा लागतो. त्यासाठी सहा वर्षांची मुदत आहे, तरी किल्ल्या परत देण्याआधीच फॉर्म भरून त्याची पोच घ्या.